कागदावर राहिलेले यंत्र : चार्ल्स बॅबेज

संगणकाच्या रचनेचा पहिला धडा वाचू लागले की चार गोष्टींशी गाठ पडते : आकडेमोड करणारा प्रोसेसर, आकडे जपणारी मेमरी, आज्ञा आत नेणारे साधन आणि उत्तर बाहेर आणणारे साधन. ही मांडणी अगदी अलीकडची असावी, असा आमचाही समज होता. परंतु घरोघर विजेचा दिवा लागण्याच्या कितीतरी आधी लंडनमधील एका गणितज्ञाने ती पितळी चाकांच्या साहाय्याने आखून ठेवली होती. चार्ल्स बॅबेज हे त्यांचे नाव.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे एका सधन पेढीवाल्याच्या घरी झाला. १८१० साली ते केंब्रिजला गेले. तेथील गणिताचे शिक्षण मागासलेले पाहून त्यांनी हर्शेल, पीकॉक या मित्रांसह १८१२ मध्ये एक मंडळ स्थापिले. पुढे १८२८ पासून ११ वर्षे ते तेथेच, एके काळी न्यूटनने भूषविलेल्या प्राध्यापकपदावर होते.

त्या काळी ‘कॉम्प्युटर’ म्हणजे यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारा माणूस! नाविक व ज्योतिर्विद यांना लागणारी कोष्टके अशी माणसे हाताने तयार करीत. गणितात चूक, नकलेत चूक, खिळे जुळविताना आणखी चूक. १८२१ साली हर्शेल यांच्यासह अशी कोष्टके ताडून पाहताना बॅबेज इतके त्रासले की हे काम वाफेवर का चालू नये, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्यांची युक्ती आम्हां विद्यार्थ्यांस सहज कळण्याजोगी आहे. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. त्यांतील फरक ३, ५, ७, ९. आणि या फरकांतील फरक सदैव २. म्हणजे पुढील वर्गासाठी ९ मध्ये २ मिळवून ११, व २५ मध्ये ११ मिळवून ३६. गुणाकाराची गरजच उरली नाही. आणि बेरीज तर दातेरी चाकेही करू शकतात. अडचण होती ती हातच्याची. आम्ही तो सहज मनात धरतो, पण चाकाला मन कोठले? हातचा पुढल्या चाकावर नेण्याची योजना करण्यात बॅबेज यांनी फार बुद्धी खर्चिली.

१८२३ मध्ये सरकारने द्रव्यसाहाय्य दिले आणि जोसेफ क्लेमेंट हा निष्णात कारागीर कामास लागला. १८२७ हे वर्ष मात्र काळ होऊन आले : त्या एका वर्षात वडील, पत्नी जॉर्जियाना व दोन मुले बॅबेज यांनी गमावली. १८३२ साली यंत्राचा सुमारे सातवा हिस्सा जुळून तयार झाला व तो बिनचूक चालला. नंतर पैशांवरून क्लेमेंटशी बिनसले आणि काम थांबले ते थांबलेच. १७ हजारांहून अधिक पौंड खर्ची पडल्यावर १८४२ साली सरकारने हात काढून घेतला. दोष एकट्या सरकारचा, असे आम्हांस वाटत नाही. पहिले यंत्र अपुरे असतानाच बॅबेज दुसऱ्याच्या मागे लागले होते, आणि त्यांचा स्वभावही जुळवून घेण्याचा नव्हता.

पण ते दुसरे यंत्र! १८३४ पासून आखलेल्या या ‘ॲनालिटिकल एंजिन’चे दोन मुख्य भाग होते : आकडे साठविणारे कोठार आणि ते घेऊन गणित करणारी गिरणी. कोठारातून आकडे गिरणीत जावेत आणि उत्तर पुन्हा कोठारात यावे. मेमरी व प्रोसेसर यांचे नाते आजही हेच आहे. आज्ञा द्यावयाच्या त्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी; ही कल्पना जॅकार्डच्या रेशमी विणकामाच्या मागावरून घेतलेली. हाती आलेल्या उत्तरावरून पुढील वाट निवडण्याची सोयही तीत होती. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली या यंत्रावर विस्तृत टिपणे लिहिली व बर्नुली संख्या काढण्याची रीत त्यांत मांडली.

जाळ्याचा विचारही त्यांना स्फुरला होता. १८३२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी उंच खांबांवर तारा ताणून त्यांवरून पत्रांच्या नळ्या धाडण्याची योजना सुचविली, आणि ती तारच कदाचित अधिक वेगाने निरोप नेऊ शकेल, असेही सूचित केले.

उत्तरायुष्यात रस्त्यावरील वाजंत्र्यांशी त्यांनी मांडलेले वैर लोकांच्या थट्टेचा विषय झाले. स्वीडनच्या शॉइट्झ पितापुत्रांनी त्यांच्याच तत्त्वावर यंत्र पुरे केले, तेव्हा मात्र त्यांनी मत्सर न करता मोकळेपणाने गौरव केला. हे आम्हांस विशेष वाटते. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी ते निवर्तले. हिंदुस्थानात लष्करी चाकरी केलेले त्यांचे पुत्र हेन्री यांनी पुढे त्या गिरणीचा एक भाग बांधून दाखविला.

बॅबेज यांचे आराखडे मुळातच सदोष होते काय, ही शंका त्यांच्यामागे शंभरावर वर्षे राहिली. १९९१ साली, त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीस, लंडनच्या सायन्स म्युझियमने १८४७–४९ मधील त्यांच्या आराखड्यांवरून फरकयंत्र बांधले. सुटे भाग त्यांच्या काळी साधली असती तितक्याच अचूकतेचे ठेवले. दांडा फिरविला, आणि ३१ अंकांपर्यंतची उत्तरे बरोबर आली.