डावाचा धनी : खाशाबा जाधव

जामसांवलीचा मारुती पहुडलेला आहे. पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर भागात दर्शनाला आलेला भाविक उगारलेली गदा आणि उड्डाणाचा आवेश शोधत येतो, आणि शक्तीचे दैवत विसावलेले पाहून क्षणभर थबकतो. तालमीतही हाच देव. मल्ल त्याला वंदन करूनच लाल मातीत उतरतो. मात्र मारुतीजवळ बळ मागायचे आणि बुद्धी मागायला विसरायचे, अशी पुष्कळांची गत होते. खाशाबा दादासाहेब जाधव त्यांच्यातले नव्हते.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल, त्यामुळे आखाडा घरातच होता. खाशाबांची उंची मात्र जेमतेम आणि अंगकाठी बेताची. नुसत्या रेट्याने समोरच्याला हटवावे असा तो देह नव्हता. म्हणून त्यांनी चपळाई आणि डावपेच यांवर भिस्त ठेवली. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची आणि तो जोर लावून पुढे येताच त्याचाच जोर वापरून त्याला उलथायचे. ज्याची ताकद अधिक, तो अधिक वेगाने खाली येई.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असतानाच १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची संधी आली. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे मॅटवर लढायचे होते. मातीतली कुस्ती चीतपट झाल्यावरच निकाली निघते. मॅटवर पाठ टेकली नाही तरी पंचांच्या कौलावर निकाल लागतो, त्यामुळे प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवावा लागतो. अमेरिकेचे रीस गार्डनर यांच्याकडून त्यांनी ही रीत शिकून घेतली आणि फ्लायवेट गटात सहावे स्थान मिळवले. नवख्यासाठी हे थोडे नव्हते.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी मात्र पैसाच नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तरी रक्कम पुरेना. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या डावावर घर लावणारा गुरू विरळाच.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली. ती ते हरले आणि दमलेल्या अवस्थेतच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो पुढे करून भांडायला एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. डाव ओळखणारा मल्ल मॅटवर होता, नियम ओळखणारा माणूस मॅटबाहेर नव्हता. ती कुस्तीही गेली. इशी सुवर्णाचा, मामेदबेकोव्ह रौप्याचा आणि खाशाबा कांस्याचे मानकरी ठरले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटात टेनिसपटू लिअँडर पेसने ते मिळवले.

परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, कर्ज उरलेच होते. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढचे ऑलिंपिक हुकले. सहायक पोलीस आयुक्त या पदापर्यंत पोहोचून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले आणि वर्षभरातच, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ते अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे.