अक्षर आणि अनुभव : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

काशीचा मणिकर्णिका घाट जगात कशासाठी प्रसिद्ध आहे, हे सांगावयास नको. तेथे चिता विझत नाहीत. रात्र असो वा पावसाळा असो, लाकडाच्या वखारींतून ओंडके उतरत राहतात, अंत्ययात्रा अरुंद गल्ल्यांतून खाली येत राहतात आणि गंगेच्या काठावर धूर तरंगत राहतो. राव आणि रंक यांच्यात येथे भेद उरत नाही. अशा या घाटाचे दगडी बांधकाम 1791 साली एका मराठी स्त्रीच्या आज्ञेने व तिच्या द्रव्याने झाले. काशीपासून शेकडो कोस दूर, नर्मदेकाठच्या महेश्वरी बसून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकर या त्या स्त्री होत.

माणसाची राज्यविषयक मते कशाने घडतात, शिक्षणाने की आयुष्याने दिलेल्या अनुभवाने, हा प्रश्न जुना आहे. अहिल्याबाईंचे नाव घेऊन त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी दिले जाते. कोणी म्हणतात, शाळेचे तोंड न पाहिलेली ही स्त्री केवळ सोसलेल्या दुःखातून थोर राज्यकर्ती झाली. कोणी म्हणतात, मल्हाररावांसारखा गुरू लाभला म्हणूनच हे घडले. त्यांचे चरित्र नीट पाहिले, तर ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटू लागतात.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसलेल्या त्या काळात माणकोजींनी कन्येला लिहावयास-वाचावयास शिकविले, असे परंपरा सांगते. 1733 साली सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि आठ वर्षांची ही मुलगी होळकरांची सून झाली.

होळकरांचे घर म्हणजे एक चालती छावणीच होती. स्वारी, चौथाईची वसुली, सरदारांची ये-जा, पेशव्यांची पत्रे, सावकारांचे तगादे हे सारे त्या घराच्या रोजच्या जीवनाचाच भाग होते. मल्हाररावांनी सुनेची बुद्धी हेरली आणि तिला या व्यवहारापासून दूर ठेवण्याऐवजी त्यात आणले. सासू गौतमाबाई यांचाही वाटा लहान नव्हता. 1734 साली पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली होती. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, दोहोंचे हिशेब वेगळे, हा धडा अहिल्याबाईंना घरातच मिळाला. त्या काळी राजघराण्यातील स्त्रीला यापेक्षा अधिक उपयुक्त विद्या क्वचितच मिळाली असेल.

मार्च 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. त्यांनी सती जाण्याचा निश्चय केला. पुत्रशोकाने खचलेल्या मल्हाररावांनी त्यांची विनवणी केली, आपल्या म्हातारपणाचा व दौलतीचा भार कोणाच्या खांद्यावर टाकावयाचा, असा प्रश्न केला आणि त्यांना चितेपासून परत फिरविले. पुढच्या साऱ्या चरित्राचा उगम या क्षणात आहे. चितेवर न गेलेल्या त्या आयुष्याला मल्हाररावांनी लगेच काम दिले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची होय.

हे काम किती जबाबदारीचे होते, हे मल्हाररावांनी सुनेला पाठविलेल्या पत्रांवरून कळते. 1765 सालच्या पत्रव्यवहारात चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठ्या तोफा व दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेच्या रक्षणासाठी ठाणी बसवावीत, अशा सूचना आहेत. हा मजकूर सासऱ्याने विधवा सुनेला लिहिला आहे, हे वाचणाऱ्याच्या सहज ध्यानात यावयाचे नाही. त्याआधी, 1761 साली, पानिपतचा घात झाला आणि त्याच वर्षी गौतमाबाईही गेल्या. खासगीचा कारभार अहिल्याबाईंकडे आला.

20 मे 1766 रोजी मल्हाररावांचा मृत्यू झाला. अहिल्याबाईंचे एकुलते पुत्र मालेराव यांना सुभेदारी मिळाली, पण काही महिन्यांतच, 1767 साली, तेही वारले. पती, सासरा आणि पुत्र असे तिघेही गेल्यावर होळकरांच्या दौलतीत एक विधवा तेवढी उरली. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घेण्याचा सल्ला दिला. मूल गादीवर बसेल, कारभार दिवाण पाहतील आणि बाईंना नेमणूक मिळेल, अशी ती योजना होती. अहिल्याबाईंनी ती साफ नाकारली. तेव्हा चंद्रचूडांनी रघुनाथराव पेशव्यांना फौजेसह येण्यास सुचविले.

या प्रसंगी अहिल्याबाईंनी जे केले, ते केवळ संतापाने किंवा धैर्याने होण्यासारखे नव्हते. त्यांनी फौज सज्ज केली, शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याकडे पत्रे धाडली आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे आपला हक्क मांडला. रघुनाथरावांनाही निरोप गेला. त्याचा आशय असा, की स्त्रीशी लढून जिंकले तरी कीर्ती नाही आणि हरले तर हसे होईल. आपण केवळ समाचारासाठी आलो आहोत असे सांगून रघुनाथरावांनी तोंड राखले, अशी आठवण परंपरेने जपली आहे. माधवरावांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार अहिल्याबाईंकडे, अशी वाटणी ठरली. महेश्वर ही राजधानी झाली आणि अठ्ठावीस वर्षांचे ते राज्य सुरू झाले.

या राज्याची धोरणे पाहिली की त्यांत जागोजागी जुन्या जखमांच्या खुणा दिसतात. सिरोंजच्या एका धनिक सावकाराचा निपुत्रिक मृत्यू झाला. तेथील अंमलदाराने विधवेकडे दत्तकाच्या मान्यतेसाठी जबर नजराण्याची मागणी केली आणि न दिल्यास मालमत्ता सरकारजमा होईल असे धमकावले. ती बाई मुलाला घेऊन महेश्वरी आली. अहिल्याबाईंनी अंमलदाराला दूर केले, मुलाला मांडीवर घेतले, वस्त्रे व दागिने दिले आणि दत्तक मंजूर केले. खरगोणच्या दोन विधवांनी आपली संपत्ती सरकारात देऊ केली, तेव्हा ती न घेता लोकोपयोगी कामांत खर्च करण्याचा सल्ला त्यांना मिळाला. निपुत्रिकाचे धन सरकारात जमा करणे ही त्या काळच्या राज्यांच्या उत्पन्नाची एक नेहमीची वाट होती. ती वाट अहिल्याबाईंनी टाळली. विधवेच्या दारात तिच्याच कारभाऱ्याने उभी केलेली फौज त्यांनी स्वतः पाहिली होती.

डोंगरातील भिल्लांच्या बाबतीतही असेच घडले. वाटमारीविरुद्ध समजूत आणि शिक्षा हे दोन्ही मार्ग अवलंबिल्यावर डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लकवडी नावाचा लहानसा कर घेण्याचा भिल्लांचा परंपरागत हक्क त्यांनी मान्य केला. त्याच्या बदल्यात पडीक जमीन कसावी आणि आपल्या हद्दीत चोरीस गेलेला माल शोधून द्यावा, ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली. तुकोजींना स्वारीसाठी पैसा हवा असे आणि बाईंना हिशेब हवा असे. यावरून उभयतांत वारंवार तणाव निर्माण होई, तरी हिशेबाचा आग्रह सुटला नाही. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर येथपर्यंत जी मंदिरे, घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे उभी राहिली, त्यांचा आधार खासगीचे उत्पन्न हा होता. 1780च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर झाले. मणिकर्णिकेचा घाटही याच दानधर्माचा भाग होय.

मग हे सारे अनुभवाने घडले म्हणावे काय? अनुभव एकट्या अहिल्याबाईंना आला नव्हता. पानिपतानंतर महाराष्ट्रात घरोघरी विधवा होत्या. कित्येक सरदारघराण्यांत दिवाणांनी अज्ञान वारस गादीवर बसवून सत्ता हाती घेतली. ज्यांच्यावर असे संकट आले, त्या सर्वांनी पुढे विधवांच्या मालमत्तेला अभय दिले असे दिसत नाही. दुःख माणसाला उदार करते तसे कठोरही करते. ते कोणत्या बाजूला नेईल, हे त्याच्या हाती असलेल्या साधनांवर ठरते. अहिल्याबाईंना पत्र लिहिता येत होते, हिशेब वाचता येत होता, तोफखान्याला किती दारूगोळा लागतो हे माहीत होते. त्यांना पुराणे स्वतः वाचता येत आणि त्यांचा अर्थ उमगत असे. म्हणून त्यांचे दुःख देवघरात कोंडून न राहता निवाड्यात आणि नियमात उतरले. शिक्षणाने त्यांना मते दिली नाहीत. मात्र सोसलेल्या गोष्टीचे राज्यधोरण करण्याची शक्ती त्यांना शिक्षणानेच दिली.

या विचाराची खरी परीक्षा 1791 साली झाली. कन्या मुक्ताबाई ही अहिल्याबाईंची उरलेली एकमेव संतान होती. मुक्ताबाईंचा तरुण मुलगा महेश्वरी वारला आणि वर्षभराने त्यांचे पती यशवंतराव फणसे हेही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी सुनेला केली तशीच विनवणी आता अहिल्याबाईंनी मुलीला केली. मुलीने उत्तर दिले, की आई वृद्ध आहे, तिचे थोडेच दिवस उरले आहेत. ती गेल्यावर पती आणि पुत्र यांच्यावाचून जगणे असह्य होईल आणि मानाने जाण्याची वेळ निघून गेलेली असेल. आईजवळ याला उत्तर नव्हते. त्या अंत्ययात्रेबरोबर चालत गेल्या. चितेजवळ दोन ब्राह्मणांनी त्यांना धरून ठेविले होते. ज्वाळा उठताच त्यांचा संयम सुटला आणि त्या आक्रोश करू लागल्या. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही आणि त्या कोणाशी बोलल्याही नाहीत.

येथे चरित्रकाराला थांबावे लागते. अनुभव म्हणावा तर याहून मोठा अनुभव कोणता असेल? स्वतः चितेपासून परतलेल्या, नंतरच्या सदतीस वर्षांच्या आयुष्याचे मोल जाणणाऱ्या आणि हजारो लोकांना आज्ञा देणाऱ्या या स्त्रीने माता म्हणून विनवणी केली, पण राज्यकर्ती म्हणून मनाई केली नाही. विधवेचे धन सुरक्षित करणाऱ्या त्यांच्या राज्यात विधवेचा प्राण मात्र रूढीच्या हाती राहिला. ज्या विद्येत त्या वाढल्या, तिने त्यांना हिशेब शिकविला, दौलत राखणे शिकविले. रूढीला प्रश्न विचारणे शिकविले नाही. काळजाला पीळ पडूनही प्रश्नासाठी शब्द मिळाला नाही.

तो शब्द पुढे बंगालमध्ये मिळाला. राजा राममोहन रॉय यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास करून सतीची चाल शास्त्राने बंधनकारक ठरत नाही, असे 1818 पासून पुस्तिका लिहून प्रतिपादिले. 1829 साली बंगाल इलाख्यात या चालीस कायद्याने बंदी झाली. मुक्ताबाईंच्या मृत्यूस तेव्हा अडतीस वर्षे होऊन गेली होती. अनुभवाला जे भिडता आले नाही, ते अभ्यासाने करून दाखविले. पण चितेच्या ज्वाळेने ज्यांचे मन पोळले होते, अशांनीच तो अभ्यास हाती घेतला, हेही विसरता येत नाही.

मणिकर्णिकेचे काम आणि मुक्ताबाईंचे सती जाणे ही दोन्ही 1791 चीच. गंगेच्या काठी परक्यांच्या चितांसाठी पायऱ्या बांधविणाऱ्या अहिल्याबाईंनी त्याच वर्षी नर्मदेच्या काठी आपल्या मुलीची चिता पाहिली. पुढे मुक्ताबाईंचे स्मारक उभारण्यात त्यांनी काहीसे समाधान शोधले. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरी त्यांचे निधन झाले. 1818 नंतर माळव्याचा कारभार पाहणाऱ्या सर जॉन माल्कम यांनी वृद्ध लोकांकडून त्यांच्या आठवणी जमविल्या आणि 1823 साली आपल्या ग्रंथात त्यांना अत्यंत निर्मळ व आदर्श राज्यकर्त्यांत स्थान दिले. शत्रुपक्षाच्या सेनानीनेही एवढे मान्य केले.

अक्षर कोणाला सहज मिळते, कोणाला झगडून मिळवावे लागते. अनुभव मात्र न मागता सर्वांच्या दारी येतो. तो आल्यावर त्याला विचारण्यासाठी प्रश्न जवळ असावा, एवढ्यासाठी शिक्षण असते. मुलीच्या हाती पाटी देणाऱ्या माणकोजींनी आणि सुनेच्या हाती दौलतीची पत्रे देणाऱ्या मल्हाररावांनी आपल्या काळाच्या पुढे पाऊल टाकले होते. त्यांच्या काळात जो प्रश्न विचारावयाचा राहिला, तो विचारण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर आजही चिता जळतात. तेथे आता कोणी विधवा पतीमागे जळत नाही, ही गोष्ट त्या शिक्षणाची आणि त्या अनुभवाचीही कमाई आहे.