काविळीने दाखवलेली वाट

१९२९ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोचेस्टर या गावी असलेल्या मेयो क्लिनिकमध्ये पासष्ट वर्षांचा एक रुग्ण आला. तो स्वतः डॉक्टर होता आणि आमवाताने बेजार झालेला होता. मध्यंतरी त्याला कावीळ झाली, आणि दुसऱ्याच दिवसापासून सांध्यांचे दुखणे कमी होऊ लागले. काही आठवड्यांत तो न लंगडता चालू लागला. कावीळ उतरली, तरी सांधे पुढे कित्येक महिने शांत राहिले. समोर बसलेल्या डॉक्टरने हे सारे नीट ऐकले आणि टिपून ठेवले. त्या डॉक्टरचे नाव फिलिप शोवॉल्टर हेंच. जे ऐकले त्याचा अर्थ लावण्यात त्याची पुढची वीस वर्षे गेली.

हेंचचा जन्म १८९६ मध्ये पिट्सबर्गचा. तिथल्याच विद्यापीठातून १९२० मध्ये त्याने वैद्यकीय पदवी घेतली, पुढच्या वर्षी तो मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाला आणि १९२६ मध्ये तिथल्या संधिवात विभागाचा प्रमुख झाला. तेव्हा हा विभाग म्हणजे मानाची जागा नव्हती. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, हा आयुष्यभराचा आजार. बोटांचे, मनगटांचे, गुडघ्यांचे सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर तास-दोन तास आखडून राहतात आणि काही वर्षांत वाकडे होतात. डॉक्टरांच्या हाती फार काही नव्हते. अॅस्पिरिन, विश्रांती, गरम पाण्याचे शेक, सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने. शरीरात कुठेतरी दडलेल्या जंतूंमुळे हा रोग होतो, अशी त्या काळची समजूत होती. म्हणून कित्येकांचे दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले. सांधे मात्र तसेच सुजलेले राहिले.

आमवात जंतूंमुळे होत नाही, हे आज माहीत आहे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. एरवी सूज, लाली, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे शरीराच्या उपयोगाची असतात. बोटात काटा मोडला की तिथे रक्त धावते, पांढऱ्या पेशी जमतात, जंतूंचा बंदोबस्त होतो आणि काम संपले की दाह ओसरतो. आमवातात तो ओसरतच नाही. शत्रू नसताना लढाई चालू राहते आणि त्यात हळूहळू कूर्चा व हाड झिजत जाते.

हेंचला यातले फारसे ठाऊक असणे शक्य नव्हते. पण एक गोष्ट त्याने पकडली. काविळीत दुखणे थांबते, याचा अर्थ हा रोग मागे फिरू शकतो. त्याने असे आणखी रुग्ण शोधायला सुरुवात केली आणि ते सापडत गेले. मग दुसरा धागा हाती लागला. आमवात असलेल्या अनेक स्त्रियांना गरोदरपणात आराम पडतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत दुखणे परत येते. कावीळ स्त्री-पुरुष दोघांनाही होते, त्यामुळे हा गुण निव्वळ स्त्री-संप्रेरकाचा नसावा. गरोदरपणात कावीळ नसते, त्यामुळे तो पित्ताचाही नसावा. दोन्ही अवस्थांत शरीरात वाढणारे तिसरेच काहीतरी असले पाहिजे, असा तर्क त्याने केला. त्या अज्ञात द्रव्याला त्याने नाव दिले ‘पदार्थ एक्स’. हेंच शेरलॉक होम्सचा निस्सीम चाहता होता, होम्सविषयीच्या पुस्तकांचा मोठा संग्रह त्याच्याकडे होता. त्यामुळे ही शोधयात्रा त्याच्या स्वभावाला साजेशीच होती.

शोध सोपा नव्हता. पित्ताचे क्षार देऊन झाले, यकृताचा अर्क देऊन झाला, कावीळ झालेल्यांचे आणि गरोदर स्त्रियांचे रक्तही देऊन झाले. हाती काही लागले नाही. अशी वर्षामागून वर्षे गेली.

उत्तर त्याच आवारात होते. मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल नावाचा रसायनशास्त्रज्ञ काम करीत असे. थायरॉइड ग्रंथीतले थायरॉक्सिन १९१४ मध्ये वेगळे काढणारा तो हाच. १९३० च्या दशकात तो अॅड्रिनल ग्रंथींच्या मागे लागला होता. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या या दोन लहान ग्रंथी नसतील, तर माणूस जगत नाही. कत्तलखान्यांतून आणलेल्या जनावरांच्या ग्रंथींपासून केंडलने एकेक द्रव्य वेगळे केले आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरे दिली. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन याचेही असेच काम स्वतंत्रपणे चालू होते. हेंच आणि केंडल यांच्यात बोलणे होत असे. ‘संयुग ई’ पुरेसे मिळाले तर ते आमवाताच्या रुग्णाला देऊन पाहायचे, असे दोघांनी जानेवारी १९४१ मध्ये ठरवले आणि हेंचने ते टिपून ठेवले.

मिळणार कुठून, हा प्रश्न होता. ढीगभर ग्रंथींतून चिमूटभर द्रव्य निघे. तेवढ्यात अमेरिका महायुद्धात उतरली. हेंच लष्करी वैद्यकीय सेवेत गेला. जर्मन वैमानिकांना अॅड्रिनलचा अर्क देऊन अधिक उंचीवर नेले जात आहे, अशी एक अफवा तेव्हा पसरली होती. ती खोटी ठरली, पण तिच्यामुळे अमेरिकी सरकारने या संप्रेरकांच्या संशोधनाला जोर दिला. मर्क कंपनीतील लुइस सॅरेट या तरुण रसायनशास्त्रज्ञाने बैलांच्या पित्तातील एका आम्लापासून सुरुवात करून, तीसहून अधिक टप्प्यांनी संयुग ई तयार करून दाखवले. १९४८ पर्यंत काही ग्रॅम माल तयार झाला होता.

त्याच उन्हाळ्यात एकोणतीस वर्षांची एक स्त्री मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाली. चार वर्षांहून अधिक काळ तिला आमवात होता आणि आता तिला हिंडणे-फिरणे जवळजवळ अशक्य झाले होते. तिला कावीळ घडवून आणण्याचा प्रयत्नही फसला. बरे वाटल्याखेरीज घरी जाणार नाही, असा तिचा हट्ट होता. हेंच आणि केंडलने मर्ककडे संयुग ई मागितले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी तिला पहिले इंजेक्शन दिले गेले. रोजचा डोस १०० मिलिग्रॅम ठेवला होता. त्या काळच्या मानाने हा डोस बराच मोठा होता. हात आखडता घेतला असता, तर कदाचित काहीच दिसले नसते आणि हे संयुगही निकामी द्रव्यांच्या यादीत गेले असते.

पहिल्या दिवशी फरक दिसला नाही. दोन-तीन दिवसांत आखडलेपणा सुटू लागला आणि ती स्वतःच्या पायांनी, किंचित लंगडत, चालू लागली. आठवड्याभराने, २८ सप्टेंबरला, ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली.

हेंच आणि त्याचे सहकारी चार्ल्स स्लोकम्ब व हॉवर्ड पॉली यांनी घाईने जाहिरात केली नाही. आणखी रुग्णांना औषध दिले, इंजेक्शन म्हणून नुसते निष्क्रिय द्रव्य देऊनही तुलना केली, रुग्णांचे उठणे-बसणे-चालणे आधी आणि नंतर चित्रफितीवर टिपले. एप्रिल १९४९ मध्ये मेयो क्लिनिकच्या सभेत ती चित्रफीत दाखवली गेली. खुर्चीतून उठता न येणारी माणसे पायऱ्या चढताना दिसली. बातमी वर्तमानपत्रांत पोचायला वेळ लागला नाही. संयुग ई हे नाव गोंधळाचे होते म्हणून हेंच आणि केंडलने त्याला नवे नाव दिले, कॉर्टिसोन. पहिल्या इंजेक्शननंतर जेमतेम दोन वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. आपल्या वाट्याच्या रकमेतला काही भाग हेंचने सिस्टर पँटॅलिऑन यांना दिला. सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या त्याच्या रुग्णांचा कक्ष वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या या ख्रिस्ती साध्वींना रोमला जाण्याची इच्छा होती, ती त्या पैशातून पुरी झाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. औषध थांबवले की दुखणे परत येई, बहुतेकदा लवकरच. म्हणून ते चालू ठेवावे, तर वेगळेच प्रश्न उभे राहत. चेहरा चंद्रासारखा गोल होई, अंगावर सूज येई, रक्तदाब आणि साखर वाढे, हाडे ठिसूळ होत, जखमा भरायला वेळ लागे. काही रुग्णांचे मानसिक संतुलन ढळले. हेंचने सुरुवातीपासूनच सांगितले होते की या औषधाने आमवात बरा होत नाही, आग विझल्यासारखी वाटते, पण आग लावणारे कारण जागेवरच राहते. चमत्काराच्या बातम्यांपुढे हा सावध सूर फारसा ऐकला गेला नाही. १९५४ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत नुकताच आमवात सुरू झालेल्या रुग्णांच्या एका गटाला कॉर्टिसोन आणि दुसऱ्याला अॅस्पिरिन दिले गेले. वर्षभरानंतर दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही.

कॉर्टिसोनचे शरीरात काय होते, हे नंतर उलगडत गेले. यकृतात त्याचे रूपांतर कॉर्टिसोलमध्ये होते. हे आपले स्वतःचेच संप्रेरक, अॅड्रिनल ग्रंथी ते रोज थोडे थोडे बनवतात. कॉर्टिसोल पेशीच्या आत शिरून थेट जनुकांच्या कामात हात घालते आणि दाह पेटवणाऱ्या अनेक रसायनांचे उत्पादन एकदम घटवते. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन यातली एकच तोटी बंद करतात, स्टेरॉइड बऱ्याच तोट्या एकाच वेळी बंद करते. म्हणून त्याचा गुण मोठा, आणि किंमतही मोठी. दाहाबरोबर जंतूंशी लढण्याची ताकदही कमी होते, दबून राहिलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो. शिवाय बाहेरून भरपूर स्टेरॉइड येते आहे असे दिसले की अॅड्रिनल ग्रंथी काम थांबवून झोपी जातात. अशा वेळी गोळी एकाएकी बंद केली, तर शरीरात कॉर्टिसोलच उरत नाही. रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो.

१९५२ मध्ये अपजॉन कंपनीतील डुरी पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी एका बुरशीकडून यातले सर्वांत अवघड काम करून घेतले आणि स्टेरॉइड स्वस्त झाले. पुढे प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन अशी अधिक प्रभावी भावंडे आली. दमा, मूत्रपिंडाचे काही विकार, डोळ्यांचा दाह, गंभीर अॅलर्जी, अवयव प्रत्यारोपण अशा कित्येक ठिकाणी त्यांनी जीव वाचवले. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवले की कोविडमध्ये व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना काहीच फायदा होत नाही, हेही त्याच चाचणीने दाखवले. हा दुसरा भाग विसरला गेला. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण दिसले. त्यामागे अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा नको तिथे, नको तेवढा वापर हे एक मोठे कारण होते.

हेंच १९५७ मध्ये मेयो क्लिनिकमधून निवृत्त झाला. उतारवयात त्याने क्यूबातील पीतज्वराच्या संशोधनाचा इतिहास गोळा केला. डासांमुळे हा ताप पसरतो हे जिथे सिद्ध झाले, ती विस्मृतीत गेलेली छावणी त्याने शोधून काढली. ३० मार्च १९६५ रोजी जमैकात न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. ज्या काविळीने त्याला वाट दाखवली, तिच्यात नेमके काय घडते याचे पूर्ण उत्तर त्याच्या ‘पदार्थ एक्स’ने दिले नाही. गरोदरपणातल्या आरामामागेही कॉर्टिसोलखेरीज बरेच काही असते. धागा अर्धाच बरोबर होता, पण एका रुग्णाचे बोलणे त्याने हसण्यावारी नेले नाही, म्हणून तो योग्य दारापर्यंत पोचला.

आज आमवाताचा मुख्य उपचार मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी होतो. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पण ती सांध्यांची झीज रोखतात. तोवरच्या काळासाठी कमी मात्रेत, थोडे दिवस स्टेरॉइड दिले जाते आणि हळूहळू उतरवत बंद केले जाते. गुडघेदुखीवर कागदाच्या पुडीत मिळणारी, नाव नसलेली भुकटी किंवा गोळी दोन दिवसांत जादूसारखा गुण देत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नये. उरलेल्या पुड्या घेऊन सरळ डॉक्टरांकडे जावे आणि किती दिवस घेतली ते न लपवता सांगावे. ती कशी उतरवायची, याचे वेळापत्रक डॉक्टर ठरवून देतील.