एव्हरार्ड कॅल्थ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप (३ मार्च १८५७ – ३० मार्च १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंते व संशोधक होते. बार्शी लाइट रेल्वे या खाजगी कंपनीचे प्रवर्तक म्हणून ते महाराष्ट्रात ओळखले जातात.

पूर्वायुष्य

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. रॉबर्ट स्टीफनसन यांच्या नावाच्या इंजिन कंपनीत कामाची सुरुवात केल्यानंतर १८८२ मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत रुजू झाले. मोठ्या लोहमार्गापासून दूर पडलेल्या बाजारपेठांना स्वस्त मार्गांनी जोडता येईल, असे त्यांचे मत बनले. १८८९ मध्ये नोकरी सोडून त्यांनी सल्लागार अभियंता म्हणून काम सुरू केले.

बार्शी लाइट रेल्वे

ही कंपनी १८९५ मध्ये स्थापन झाली. बार्शी रोड (कुर्डुवाडी) ते बार्शी हा सुमारे ३४ किलोमीटरचा मार्ग १८९७ मध्ये खुला झाला. त्याची रुंदी ७६२ मिलिमीटर होती. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे कॅल्थ्रॉप यांचे मुख्य सूत्र होते. भार सर्व आसांवर सारखा विभागल्यामुळे हलक्या रुळांवरूनही मोठे डबे धावू शकले आणि बांधणीचा खर्च आटोक्यात राहिला. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत वाढला. वारकऱ्यांची व शेतमालाची त्यामुळे मोठी सोय झाली. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली.

वऱ्हाडात अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापुराहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारा ‘शकुंतला’ मार्गही याच रुंदीचा आहे. मात्र तो सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे या वेगळ्या खाजगी कंपनीने उभारला.

हवाई छत्री

१९१० मध्ये मित्र चार्ल्स रोल्स यांचा विमान अपघातात मृत्यू झाल्यावर कॅल्थ्रॉप हवाई छत्रीच्या संशोधनाकडे वळले. ‘गार्डियन एंजल’ ही त्यांची छत्री पहिल्या महायुद्धात शत्रुप्रदेशात हेर उतरवण्यासाठी वापरली गेली. ब्रिटिश वैमानिकांना मात्र ती सरसकट देण्यात आली नाही आणि पेटत्या विमानातून सुटण्याचा मार्ग त्यांना मिळाला नाही. ज्यांच्यासाठी ही छत्री घडवली, त्यांच्याच हाती ती युद्धकाळात पोहोचली नाही.

इतर कार्य

इंग्लंडमधील लीक व मॅनिफोल्ड व्हॅली रेल्वे (१९०४) त्यांनी बार्शीच्याच धर्तीवर उभारली. अरबी घोड्यांची पैदास हा त्यांचा आवडता छंद होता.