जांबच्या नारायणाची बाग

समर्थ रामदास म्हटले की मनाचे श्लोक आठवतात, मारुतीस्तोत्र आठवतं. पण मैत्रिणींनो, आपल्या जालना जिल्ह्यातल्या या माणसाने बागेवरही लिहिलंय, ठाऊक आहे का?

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे त्यांचं गाव. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाईंच्या पोटी १६०८ साली रामनवमीला ते जन्मले. नाव नारायण. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षी घरच्यांनी लग्न ठरवलं अन् मुलगा बोहल्यावरून निघून गेला. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र मांडवातली ती मुलगी आणि राणूबाई आधी दिसतात.

पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं साधना, मग बारा वर्षं देशभर भ्रमंती. चोवीस वर्षांनी लेक दारात आला तेव्हा माउलीची दृष्टी गेली होती, असं सांगतात. मुलगा भेटला, पण राहायला आला नव्हता. तो कृष्णाकाठी गेला. १६४८ साली चाफळला राममंदिर उभं राहिलं. स्वतःचं घर न मांडलेल्या या माणसाने बालविधवा वेणाबाईला कीर्तनाला उभं केलं, मिरजेचा मठ तिच्या हाती दिला. त्या काळात हे सोपं नव्हतं.

त्यांचंच एक छोटंसं बागप्रकरण आहे. त्यात झाडांची नावंच नावं! कुंपणाच्या काटेरी झाडांपासून फुलझाडांपर्यंत. घर सोडलं तरी अंगण सुटलं नसावं, असं मला वाटतं.

ते वाचून मी माझ्या निशिगंधाकडे नव्याने पाहिलं. परदेशातल्या डॅफोडिलच्या कंदांना दोन-तीन महिने कडक थंडी लागते, आपल्याकडे ती कुठली? निशिगंधही मूळ मेक्सिकोचा, पण आपल्या उन्हाला सरावलाय. माझे कंद आईचे, तिला आजीने दिलेले. एकेरी पाकळ्यांचे, म्हणून वास भरपूर. एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या जागी, दोन-तीन बोटं खोल लावायचे. पाणी बेताचं, साचू द्यायचं नाही, नाहीतर कंद सडतो. तीन-चार महिन्यांत दांडे येतात. दोन-तीन वर्षांनी थंडीत पानं पिवळी पडली की कंद काढून सावलीत सुकवायचे. प्रत्येकाला पिल्लं फुटलेली असतात, ती वेगळी करायची.

१६८२ साली माघात समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. जांब फार मागे राहिलं होतं.

आपलीही मुलं शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईला जातात. ती जाणारच, राणूबाईंनाही अडवता आलं नाही. माझी लेक पुण्यात दोन खोल्यांत राहते, खिडकीत कुंडीपुरती जागा आहे. यंदा काढलेल्या पिल्लांतली सात कागदात गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवलीत. आजीच्या अंगणातला वास तिथेही दरवळेल.