अनोळखी दारातील मिस्सा : संत जोसेफ वाझ यांचे जीवन



आठवड्यातील साध्या दिवसाची मिस्सा रविवारसारखी नसते. गायनमंडळ नसते, धर्मशिक्षणाची मुले नसतात. ठरलेली आठ-दहा माणसे आपापल्या ठरलेल्या बाकावर बसतात. त्यामुळे एखादा नवा चेहरा लगेच नजरेत येतो. परभणी हे रेल्वेचे जंक्शन आहे, येथे कृषी विद्यापीठ आहे, बदलीच्या नोकऱ्या आहेत. कोणी परीक्षेसाठी आलेला असतो, कोणी नुकताच कामावर रुजू झालेला असतो. चर्चचा क्रूस पाहून तो आत येतो आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो. मराठी प्रार्थना त्याला येत नाहीत. पण कधी उभे राहायचे आणि कधी गुडघे टेकायचे हे त्याला बरोबर ठाऊक असते. मिस्सा संपते, आपण मागे वळून पाहतो, तोवर तो निघून गेलेला असतो. कित्येकदा वस्त्रे उतरवून बाहेर यायला मलाही उशीर झाला आहे.

अशा वेळी मला आपल्या शेजारच्या गोव्याचे संत जोसेफ वाझ आठवतात. परक्या मुलुखात आपली माणसे शोधण्यासाठी त्यांनी काय केले, आणि त्या माणसांनी त्यांच्यासाठी काय केले, हे आपण पाहू या.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घरची भाषा कोंकणी. पुढे ते पोर्तुगीज आणि लॅटिन शिकले. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्याच वर्षी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी एक पत्र लिहून स्वतःला पवित्र मरियेचा कायमचा दास म्हणून वाहून घेतले. गरिबांसारखे अनवाणी चालण्याची सवय त्यांनी जाणीवपूर्वक लावून घेतली.

१६८१ ते १६८४ ही वर्षे त्यांनी कानडा प्रांतात, मंगळूर व आसपासच्या किनाऱ्यावर सेवा केली. गोव्यात परत आल्यावर जुन्या गोव्यातील पवित्र क्रूसाच्या टेकडीवर एकत्र राहणाऱ्या गोमंतकीय धर्मगुरूंच्या संघात ते सामील झाले आणि त्याचे प्रमुख झाले. तेथे त्यांना मान होता आणि भरपूर काम होते. पण सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, बातमी त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

१६५८ साली डचांनी पोर्तुगिजांकडून जाफना जिंकून घेतले होते. डच सत्ता कॅल्विन पंथाची होती. त्यांनी कॅथोलिक धर्मगुरूंना हाकलून दिले, चर्चेस ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्यास देहदंड जाहीर केला. तेव्हापासून तेथील कॅथोलिकांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते, आजाऱ्यांना अभ्यंग नव्हते. त्या काळात जन्मलेली मुले स्वतः आईबाप झाली होती आणि त्यांनी धर्मगुरू कधी पाहिला नव्हता.

युरोपीय धर्मगुरू तेथे लगेच ओळखला गेला असता. भारतीय माणूस मात्र गर्दीत मिसळून जाऊ शकत होता. म्हणून १६८६ साली फादर वाझ यांनी गोवा सोडला. सोबत जॉन नावाचा एक तरुण होता. मजुराच्या वेषात, मिस्सेचे सामान लपवून, तुतिकोरीनच्या बाजूने समुद्र ओलांडून १६८७ साली ते जाफन्याला पोहोचले. पोहोचताच दोघांनाही रक्ती आवेने गाठले. ओळख ना पाळख, भाषाही नीट येईना. एका बाईने त्या परक्या आजाऱ्यांना पेज आणून दिली म्हणून ते जगले, असे चरित्रकार सांगतात.

उठून चालता येऊ लागल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. कॅथोलिक कोण, हे विचारायचे कोणाला? चुकीच्या माणसाला विचारले तर अटक ठरलेली. आणि जे कॅथोलिक होते तेही जिवाच्या भीतीने बोलणार नव्हते. तेव्हा फादर वाझ यांनी गळ्यात रोजरी घातली आणि भिकाऱ्यासारखे दारोदार फिरू लागले. तोंडाने ते काही सांगत नसत. दार उघडणाऱ्याची नजर रोजरीवर जाते का, आणि गेली तर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, एवढेच ते पाहत.

थोडा विचार करा. रोजरी ही खूण आहे. पण खूण एकट्याची नसते. ती घालणारा एक आणि ओळखणारा दुसरा, असे दोघे असल्याशिवाय खूण पुरी होत नाही. त्या गावात ती ओळखणारे कोणी उरलेच नसते, तर ती नुसत्या मण्यांची माळ ठरली असती. पण ज्या घरांतून जवळजवळ तीस वर्षे धर्मगुरू नव्हता, त्या घरांतून प्रार्थना जिवंत राहिली होती. अखेर एका घराने ती खूण ओळखली. हा डचांचा हेर असेल, ही शंका त्यांनाही आली असणार. तरी त्यांनी आधी खात्री करून घेतली आणि मग दार उघडले. त्या दारातून आत येणाऱ्या माणसापायी घर, जमीन आणि जीवही जाऊ शकत होता.

मग रात्री दिवे मंद करून, एखाद्या घरात वेदी मांडून मिस्सा होऊ लागली. रविवार पाहणे शक्यच नव्हते. जी रात्र सुरक्षित, ती मिस्सेची रात्र. पापनिवेदन, स्नानसंस्कार, विवाह सारे उरकून फादर दुसऱ्या गावाला निघत. पुढे सिल्लालै या गावाने त्यांना आसरा दिला. १६८९ च्या नाताळच्या सुमारास डच शिपायांनी धाड घातली. फादर वाझ निसटले. पण कित्येक भाविकांना तुरुंग आणि फटके भोगावे लागले. त्यांच्याकडून फादरांचा ठावठिकाणा मात्र मिळाला नाही.

नंतर पुत्तलममार्गे ते १६९२ साली कँडीच्या बौद्ध राज्यात गेले. तेथे पोर्तुगिजांचा हेर म्हणून त्यांना कैदेत टाकण्यात आले. १६९३ साली तेथे मोठा दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या आपल्याला सांगावे लागत नाही. राजाच्या विनंतीवरून त्यांनी चौकात क्रूस उभारून प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी त्या देशाची परंपरा सांगते. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना मोकळीक दिली. १६९७ साली देवीची साथ आली, तेव्हा घरच्यांनी टाकून दिलेल्या आजाऱ्यांची, कोणत्याही धर्माच्या असोत, त्यांनी सेवा केली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. गोव्यातून त्यांच्यामागोमाग गेलेल्या धर्मगुरूंनी ते काम चालू ठेवले. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी तेथेच पोप फ्रान्सिस यांनी संतपद बहाल केले.

बंधू-भगिनींनो, फादर वाझ यांना आपण संत म्हणतो, ते योग्यच आहे. पण पेज आणून देणारी ती बाई आणि दार उघडणारे ते घर नसते, तर जाफन्यात ती मिस्सा झाली नसती. आपणही थोडे आहोत, आणि थोड्या माणसांना परक्याकडे आधी शंकेने पाहण्याची सवय लागते. शंका असू द्या. त्या जाफन्याच्या घरालाही होती. पण ती दूर करण्यासाठी निदान चौकशी तरी करावी लागते. आषाढीला शेगावची पालखी परभणीवरून जाते, तेव्हा वारकऱ्याला पाणी देणारा आधी त्याचे नाव-गाव विचारत नाही. मग आपल्याच वेदीपाशी गुडघे टेकणाऱ्याला आपण तसेच कसे जाऊ देतो?

पुढच्या वेळी साध्या दिवसाच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर कोणी नवा दिसला, तर त्याच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक पान काढून द्या. शांतिचिन्ह देताना मागे वळा. मिस्सा संपल्यावर दोन मिनिटे थांबून त्याचे नाव, मुक्काम, कामधंदा विचारा. कोण जाणे, त्याला खोली हवी असेल, कोणी आजारी असेल, किंवा कित्येक महिन्यांत पापनिवेदन झाले नसेल. मीही यापुढे आधी दारापाशी येईन. वस्त्रे नंतर उतरवीन.

संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीने प्रभू आपल्या धर्मग्रामाला ओळखणारी नजर आणि उघडे दार देवो, हीच प्रार्थना.

आपला धर्मगुरू