ब्राउन यांची नळी
डिचोली तालुक्यातील कारापूर येथे एका स्नेह्यांच्या पडवीत नाणे टाकून खेळावयाचे एक जुने व्हिडिओ-खेळाचे यंत्र पाहण्यात आले. गोव्याच्या पावसाळी दमटाने लाकडी पेटी फुगलेली, चित्र कडांनी आखडलेले, आणि यंत्र बंद केले तरी चक्रव्यूहाच्या भिंती काचेवर पुसट दिसतच होत्या. पिक्चर ट्यूब वाचवावी की काढून सपाट पडदा बसवावा, यावर घरात वाद चालला होता. ज्यांनी ही नळी जगाला दिली त्यांचे नाव मात्र कोणाच्याच तोंडी नव्हते. ते गृहस्थ म्हणजे कार्ल फर्डिनांड ब्राउन.

जर्मनीतील फुल्डा या गावी ६ जून १८५० रोजी ब्राउन यांचा जन्म झाला. मारबुर्ग व बर्लिन येथे शिक्षण घेऊन १८७२ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे काही काळ लाइपझिग येथे त्यांनी शाळामास्तरकी केली. त्याच सुमारास, १८७४ मध्ये, त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. गॅलेनासारख्या काही खनिजांतून वीज एका दिशेने सहज वाहते व उलट दिशेने अडते. त्या वेळी याचे महत्त्व फारसे कोणाला पटले नाही. मग प्राध्यापकीच्या निमित्ताने मारबुर्ग, कार्ल्सरूह, ट्यूबिंगेन असा प्रवास झाला आणि १८९५ मध्ये ते स्ट्रासबुर्गला स्थिरावले.

तेथेच १८९७ मध्ये ती नळी जन्मास आली. विजेचा उलटसुलट प्रवाह क्षणोक्षणी कसा बदलतो हे डोळ्यांना दिसावे, एवढाच हेतू होता. बॉन येथील काचकारागीर फ्रान्झ म्युलर यांच्याकडून त्यांनी एक निर्वात नळी करवून घेतली. आत ऋणकिरणांचा बारीक झोत, समोर चमकणाऱ्या द्रव्याचा लेप दिलेला पडदा, आणि बाहेर तारेचे वेटोळे. वेटोळ्यातून वीज सोडली की पडद्यावरचा ठिपका हालू लागे. प्रारंभी तो एकाच दिशेने हाले, दुसरी दिशा फिरत्या आरशात पाहावी लागे. ती उणीव त्यांचे साहाय्यक झेनेक यांनी लवकरच दूर केली. या नळीचे पेटंट ब्राउन यांनी घेतले नाही. बिनतारी संदेशांविषयीच्या आपल्या शोधांचे मात्र घेतले, आणि त्या कामासाठीच १९०९ मध्ये मार्कोनी यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नळीला पारितोषिक नाही, पैसाही नाही.

पुढे दूरचित्रवाणी आली, आणि १९७२ मध्ये ‘पाँग’ या खेळाच्या पेटीत चक्क एक साधा टीव्ही संच बसवला गेला. १९७९ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’मध्ये तर झोत थेट रेषा ओढत फिरे, म्हणजे ब्राउन यांच्या ठिपक्याचीच ती लीला. ती तळपती रेषा सपाट पडद्यावर हुबेहूब उतरत नाही. बंदुकीने नेम धरावयाचे जुने खेळ तर सपाट पडद्यावर बहुधा चालतच नाहीत. झोत पडद्यावरून कोणत्या क्षणी गेला, हेच ती बंदूक पाहत असते.

तेव्हा ट्यूब वाचवणे हेच उत्तम, पण ते सोपे नाही. आखडलेले चित्र बहुधा सुकलेल्या कंडेन्सरांचा दोष असतो. ते बदलले की काम भागते. चक्रव्यूहाची जळकी छाया मात्र लेपातच भाजलेली असते. तिला औषध नाही, दुसरी ट्यूबच हवी, आणि तिची मान व वेटोळे जुन्याशी जुळले पाहिजे. यंत्र बंद असले तरी काचेत हजारो व्होल्ट दबा धरून असतात, हे न जाणणाऱ्याने मागचे झाकण उघडूच नये. नवी ट्यूब आता सहसा मिळत नाही. आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तो त्या धंद्याच्या मावळतीच्या वेळी. वाड्यातील हंडी फुटली की जोडीची दुसरी शोधत फिरावे, तसे आता जुन्या टीव्ही संचांच्या मागे फिरावे लागते.

गंमत अशी की जो सपाट पडदा नळीला हुसकावतो, त्याच्या एकेका ठिपक्याला अर्धवाहकाचा अतिसूक्ष्म दरवान असतो. आणि अर्धवाहकांच्या विद्येची एक पहिली पायरी १८७४ मधील ते एकमार्गी खनिजच होय. थोरल्या अपत्याने धाकट्याला घराबाहेर काढले म्हणायचे.

महायुद्ध पेटले असता, १९१४ च्या अखेरीस, पासष्टीच्या घरातील ब्राउन अमेरिकेस गेले. सेव्हिल येथील जर्मन बिनतारी केंद्रावर पेटंटाचा दावा लागला होता, त्यात साक्ष द्यावयाची होती. १९१७ मध्ये अमेरिकाही युद्धात उतरली आणि परतीची वाट बंद झाली. ब्रुकलिनमध्ये मुलाच्या आधाराने ते राहिले आणि २० एप्रिल १९१८ रोजी तेथेच वारले. त्या वर्षअखेर स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडे गेले. अस्थी १९२१ मध्ये फुल्डास पोचल्या.

कारापूरच्या यंत्रात तूर्त कंडेन्सर बदलले आहेत. चित्र कडेपर्यंत भरले. चक्रव्यूहाची छाया तशीच आहे, आणि दुसऱ्या ट्यूबसाठी स्नेह्यांचा शोध चालू आहे.